कठडा निघाला, वेदी पुढे आली

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचं शब्दांकन)



बचत गटाची मुंबईची सहल निघाली की सिद्धिविनायकाचं दर्शन ठरलेलंच असतं. पुढच्या वेळी गेलात तर एक करा. दर्शन झाल्यावर आगरबाजाराच्या रस्त्याने दादरच्या दिशेला चालत निघा. थोड्याच वेळात एक चौक लागेल. तिथल्या बसथांब्याला सगळे ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतात. नाव ऐकून वाटतं, जुन्या गोव्यात असतं तसं पांढरंशुभ्र, नक्षीदार काहीतरी दिसेल. समोर येतं ते वेगळंच. काँक्रीटची उंच, कललेली छपरं आणि त्यांच्या अधेमधे उघडे चौक. पहिल्यांदा बघणारीला हे चर्च आहे हेच कळत नाही.

आज मला या चर्चविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आपल्या गावात चर्च नाही, आपल्यात कुणी ख्रिस्ती नाही, मग आपला काय संबंध? संबंध आहे. कोणत्याही इमारतीत कोण कुठे बसतं, कोण पुढे जाऊ शकतं, कुणाला कुठे अडवलं जातं, हे त्या इमारतीतच लिहिलेलं असतं. ते वाचायला आलं की आपल्या गावचं समाजमंदिरही वाचता येतं.

या चर्चचं खरं नाव ‘अवर लेडी ऑफ साल्व्हेशन’, म्हणजे तारणमाता मरियेचं चर्च. १५९६ साली पोर्तुगीजांच्या काळात फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूंनी ते बांधलं. तेव्हा मुंबई म्हणजे समुद्रातली बेटं. कोळी आणि भंडारी लोकांची वस्ती, माडाच्या वाड्या, भातखाचरं. पुढे पोर्तुगीज राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि १६६१ च्या तहात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर लोकांना मोकळ्या हवेत राहता यावं म्हणून दादर-माटुंग्याची नवी वस्ती आखली गेली. राज्यं बदलली, वाड्यांच्या चाळी झाल्या, चाळींच्या इमारती झाल्या, पण चर्च आपल्या जागी राहिलं. आजची इमारत मात्र अलीकडची आहे. १९७४ ते १९७७ या काळात ती बांधली गेली.

हे कुणा राजाचं किंवा बिशपचं मोठं चर्च नव्हे. हे वस्तीचं चर्च आहे. ख्रिस्ती लोक अशा वस्तीला ‘धर्मग्राम’ म्हणतात. आपल्या गावाला जसं ग्रामदैवत, तसं धर्मग्रामाला त्याचं चर्च. मूल जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा इथे, लग्न इथे, मयताची प्रार्थनाही इथेच. या सगळ्याची नोंद चर्चच्या वह्यांमध्ये होते. वसईतले मराठी बोलणारे जुने ख्रिस्ती तर चर्चला आजही सरळ ‘देऊळ’ म्हणतात.

नवी इमारत अशी का झाली, हे समजायला आधी जुन्या चर्चची मांडणी डोळ्यांसमोर आणू या.

जुनं चर्च म्हणजे एक लांबलचक दालन. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला वेदी. वेदी म्हणजे ज्या ओट्यावर भाकरी आणि द्राक्षारस ठेवून मुख्य उपासना होते तो ओटा. या उपासनेला मिस्सा म्हणतात. वेदी मागच्या भिंतीला टेकलेली असे. आता आपल्या स्वयंपाकघरातला ओटा आठवा. ओटा भिंतीला लागून असला की काम करणारीची पाठ घरातल्या सगळ्यांकडे असते. तसंच इथे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे राहत, लोक त्यांच्या पाठीमागे. त्यामागे विचार होता. धर्मगुरू आणि लोक, सगळेच एका दिशेला, देवाकडे तोंड करून उभे आहेत, अशी ती भावना. पण वेदीवर काय चाललं आहे हे शेवटच्या बाकावरच्या बाईला दिसत नसे. आणि सगळं चाले लॅटिन भाषेत. कळत नाही, दिसत नाही, म्हणून बायका बाकावर बसून आपली जपमाळ ओढत राहायच्या.

गंमत बघा. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांमध्ये रचली. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राचोलला १६१६ साली छापलं गेलं. म्हणजे ख्रिस्ताची गोष्ट मराठीत आली, पण मिस्साची भाषा मराठी व्हायला त्यानंतर साडेतीनशे वर्षं जावी लागली.

वेदी आणि लोक यांच्यामध्ये एक कठडा असे. लाकडाचा, दगडाचा नाहीतर लोखंडी. लोकांनी कठड्यापर्यंत यायचं, गुडघे टेकायचे आणि प्रसादाची भाकर जिभेवर घ्यायची. कठड्याच्या आतली जागा म्हणजे आपल्या देवळातला गाभाराच समजा. तिथे धर्मगुरू आणि त्यांना मदत करणारे मुलगे.

आणि बायका? १९१७ साली रोमने चर्चच्या कायद्यांचं पुस्तक तयार केलं. त्यात लिहिलं होतं की चर्चमध्ये बायका आणि पुरुष वेगळे बसलेले बरे. पुरुषांनी डोकं उघडं ठेवावं, बायकांनी डोक्यावर पदर घ्यावा, विशेषतः वेदीजवळ येताना. मिस्साच्या वेळी धर्मगुरूंच्या मदतीला पुरुषच असावा. कुणीच नसलं तर बाईने लांबूनच उत्तरं म्हणावीत, वेदीजवळ जाऊ नये. वेदीवरची जी वस्त्रं पवित्र प्रसादाला लागतात, ती धुवायचा नियमही होता. पहिलं पाणी दीक्षा घेतलेल्या पुरुषाने घालायचं, मगच ती धुवायला दुसऱ्याच्या हाती द्यायची. म्हणजे कपडे धुणारे हात बाईचे चालत, पण दुसऱ्या पाण्यापासून.

बाळंतिणीचंही सांगते. मूल जन्मल्यावर त्याचा बाप्तिस्मा होता होईल तितक्या लवकर करायचा, असा कायदा होता. त्यामुळे अनेकदा ओली बाळंतीण घरी आणि मूल मात्र धर्ममातापित्यांच्या हातून चर्चमध्ये. ज्या आईने नऊ महिने पोटात वाढवलं, तीच मुलाच्या नाव ठेवण्याला नाही. काही आठवड्यांनी ती चर्चच्या दाराशी येई, हातात मेणबत्ती घेऊन उभी राही आणि धर्मगुरू तिला आत घेत. पुस्तकात हा विधी आभाराचा आणि आशीर्वादाचा होता. लोकांच्या मनात मात्र तो विटाळ फिटण्याचाच होता. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. सुवेर पाळलेल्या सासवा-आज्या आपल्याही घरात होत्या.

मग बदल कसा झाला? पोप तेविसावे जॉन यांनी जगभरच्या बिशपांची एक मोठी परिषद रोममध्ये बोलावली. ती ११ ऑक्टोबर १९६२ ला सुरू झाली आणि ८ डिसेंबर १९६५ पर्यंत चालली. तिला दुसरी व्हॅटिकन परिषद म्हणतात. ४ डिसेंबर १९६३ ला या परिषदेने उपासनेविषयीचा ठराव केला. त्याचं सार एवढंच, की लोकांनी चर्चमध्ये मुक्या प्रेक्षकांसारखं बसू नये. त्यांनी भाग घ्यावा, उत्तरं द्यावीत, गावं. त्यासाठी त्यांना कळणारी भाषा वापरायला वाट मोकळी झाली. १९६४ च्या सप्टेंबरमध्ये निघालेल्या सूचनेत वेदीविषयी आलं. मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, तिच्या भोवती फिरता यावं आणि लोकांकडे तोंड करून उपासना करता यावी.

त्याच वर्षी डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईत आले. ओव्हल मैदानावर अफाट गर्दी लोटली होती. नवे वारे मुंबईपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

आपल्या देशासाठी आणखी एक गोष्ट घडली. १९६९ साली रोमने भारतातल्या चर्चला बारा बदलांची परवानगी दिली. चपला काढून जमिनीवर बसणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, वेदीवरच्या चौकोनी कापडाऐवजी तबक, आरती. आपल्या घरातली समई आणि तबक चर्चच्या वेदीवर जाऊन बसलं. सगळ्यांनाच ते आवडलं असं नाही. ‘हे आपलं नव्हे’ म्हणून नाराज होणारे ख्रिस्तीही होते. पण वाट खुली झाली.

अशा दिवसांत दादरच्या नव्या चर्चचा आराखडा केला चार्ल्स कोरिया यांनी. मूळ घराणं गोव्याचं, जन्म १९३० चा सिकंदराबादचा, काम मुंबईत. साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय त्यांचं, नवी मुंबईच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा. ते नेहमी सांगत की आपल्या हवेत माणूस चार भिंतींत कोंडून घेत नाही. अंगण, ओसरी, गच्ची, झाडाखालचा पार, यांवर आपलं निम्मं आयुष्य जातं. म्हणून घर बांधताना आभाळाखालची जागाही बांधायची असते.

दादरला त्यांनी तेच केलं. एक लांब दालन न करता छप्पर असलेल्या जागा आणि उघडे चौक एकमेकांत गुंफले. ख्रिस्ताच्या आयुष्यात दोन प्रकारचे प्रसंग आहेत. शिष्यांसोबतचं शेवटचं भोजन मोजक्या जवळच्या माणसांत झालं, आणि डोंगरावरचं प्रवचन उघड्यावर, सगळ्या लोकांसमोर. चर्चमध्येही दोन्ही लागतं, खाजगी आणि सार्वजनिक. म्हणून काही जागा झाकलेल्या, काही आभाळाखाली. आपला चौसोपी वाडा आठवा. चौकातून ओसरीवर, ओसरीवरून माजघरात, तसंच इथे आतून बाहेर आणि बाहेरून आत येता येतं.

छपराचीही युक्ती बघण्यासारखी आहे. माथ्याशी हवा बाहेर जायला वाट ठेवलेली काँक्रीटची उंच कवचं आहेत. माणसं जमली की आतली हवा तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि वरच्या वाटेने निघून जाते. तिच्या जागी चौकातली गार हवा आत ओढली जाते. माळवदाच्या घरात वर सवणं ठेवतात आणि चुलीचा धूर तिथून निघून जातो, तीच ही रीत. तिथल्या रंगीत काचेचं काम एम. एफ. हुसेन यांचं आहे. म्हणजे पंढरपुरात जन्मलेल्या मुसलमान चित्रकाराने मुंबईतल्या ख्रिस्ती देवळाच्या काचेत रंग भरले.

आता इमारत सोडून आतल्या वस्तूंकडे वळू या. परिषदेनंतर बांधलेल्या कोणत्याही वस्तीच्या चर्चमध्ये गेलात तर या वस्तू ओळखता येतील.

सगळ्यात आधी वेदी. आता ती भिंतीपासून सुटी, पुढे आलेली असते. धर्मगुरू तिच्या पलीकडे, लोकांकडे तोंड करून उभे राहतात. ओटा भिंतीचा सुटून मधे आला की स्वयंपाक करणारी आणि जेवणारे समोरासमोर येतात, तसं.

दुसरी वस्तू म्हणजे वाचनपीठ. वेदीच्या एका बाजूला उभा स्टँड असतो, त्यावर बायबल. धर्मगुरूंनी काय करायचं ते वेदीवर, देवाचं वचन ऐकायचं ते इथून. परिषदेनंतर या जागेला फार मान आला.

तिसरी, धर्मगुरूंची खुर्ची. ती सिंहासनासारखी दिसू नये असं सांगितलेलं आहे.

चौथी, प्रसादाची पेटी. उपासनेनंतर उरलेली पवित्र भाकर तिच्यात ठेवतात आणि जवळ दिवा तेवत असतो. आपल्या नंदादीपासारखाच. पूर्वी ती वेदीवरच, मधोमध असे. आता पुष्कळदा थोडी बाजूला असते.

पाचवं, बाप्तिस्म्याचं कुंड. पूर्वी ते बहुधा दाराशी, कोपऱ्यात असे. आता ते अशा जागी ठेवतात की जमलेल्या सगळ्यांना मुलाचा बाप्तिस्मा दिसावा. आणि १९६९ च्या नव्या विधीत स्पष्ट म्हटलं आहे की बाप्तिस्म्याचा दिवस ठरवताना आईच्या तब्येतीचा विचार करावा, म्हणजे तिला हजर राहता येईल. आईला आशीर्वाद आता त्याच विधीत, मूल तिच्या कडेवर असताना मिळतो. मला विचाराल तर सगळ्या बदलांत हा बदल मला मोठा वाटतो. कुंड कोपऱ्यातून पुढे आलं आणि त्याच्याबरोबर आईही दारातून आत आली.

शिवाय भिंतीवर ख्रिस्ताच्या क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रं असतात, बाकांना गुडघे टेकायची पट्टी असते, मरियेचा पुतळा असतो. हे जुन्या चर्चमध्येही होतं, नव्यातही आहे.

आणि कठडा? बहुतेक नव्या चर्चमध्ये तो नसतोच. पुष्कळ जुन्या चर्चमधूनही तो काढला गेला.

पण मैत्रिणींनो, इथेच मला थोडं थांबायचं आहे. लाकडी कठडा एका दिवसात काढता येतो. मनातला कठडा निघायला किती वर्षं लागली ते ऐका.

१९६९ साली रोमने बायकांना वाचनाची परवानगी दिली, पण कशी? बाईने वाचावं, मात्र वेदीच्या गाभाऱ्याबाहेर उभं राहून. आवाज चालतो, पाऊल चालत नाही. वर्षभरातच ही अट सैल झाली. बाईने कुठे उभं राहायचं, हे बिशपांवर सोपवलं. १९७२ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदं सामान्य लोकांना खुली झाली, पण फक्त पुरुषांना. बायका वाचत होत्या, पद मात्र त्यांचं नव्हतं. १९७३ मध्ये प्रसाद वाटायला धर्मगुरूंच्या मदतीला साध्या माणसांना घेता येईल असं ठरलं आणि त्यात बायकाही आल्या. ज्या हातांना वेदीचं कापड पहिल्या पाण्यात धुवायची मुभा नव्हती, त्याच हातांत प्रसादाचं पात्र आलं. १९८३ मध्ये कायद्याचं नवं पुस्तक आलं. त्यात डोक्यावरच्या पदराचा आणि वेगळं बसण्याचा नियम उरला नाही. १९९४ मध्ये वेदीवर मदत करायला मुलींना घेता येईल असं रोमने कळवलं. २०१६ मध्ये ठरलं की पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुतात त्यात बायकाही असू शकतात. त्याच वर्षी आपल्याकडे शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका गेल्या, हे तुम्हाला आठवत असेल. आणि २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदं बायकांनाही दिली. वाचत तर त्या पन्नास वर्षं होत्याच.

अजून एक दार बंद आहे. कॅथलिक चर्चमध्ये बाई धर्मगुरू होऊ शकत नाही. त्यावर ख्रिस्ती बायकांमध्येही दोन मतं आहेत. काही म्हणतात ही परंपरा आहे, तिला हात लावू नये. काही म्हणतात सगळी सेवा आम्ही करायची, मग हे का नको? तो त्यांचा प्रश्न, त्या आपल्या पद्धतीने सोडवतील. आपण बाहेरून निकाल देऊ नये. आपल्या गाभाऱ्यांची कुलपं आपल्यापुढे आहेतच.

पण या इमारतीकडून एक गोष्ट आपण घेऊ शकतो. दादरच्या चर्चमध्ये नवं काय, तर काँक्रीट नव्हे. काँक्रीट आता आपल्या गावच्या शौचालयालाही आहे. नवं हे, की बांधण्याआधी कुणीतरी विचारलं, इथे माणसं कशासाठी जमणार? त्यांना दिसेल का, ऐकू येईल का, वारा लागेल का? मग त्याप्रमाणे भिंती उभ्या केल्या. आपल्या गावात समाजमंदिर बांधताना हे कोण विचारतं? ठेकेदार येतो, ठरलेल्या मापाची खोली बांधतो, पुढे एक उंच स्टेज करतो. ग्रामसभा भरली की स्टेजवर खुर्च्या, खुर्च्यांवर पुरुष. निवडून आलेली सरपंच बाई कडेच्या खुर्चीवर. बाकीच्या बायका मागे, दाराजवळ, चपलांपाशी. का? तर कुणी हाकललेलं नसतं. जागाच तशी असते आणि आपल्याला सवय झालेली असते.

म्हणून आज एक काम सांगते. गटाच्या पुढच्या बैठकीआधी आपल्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात जा. ते रिकामं असताना जा. मागच्या भिंतीशी, जिथे आपण नेहमी बसतो, तिथे बसून बघा. बोलणाऱ्याचं तोंड तिथून दिसतं का? आवाज येतो का? माईकपर्यंत जायला किती खुर्च्या ओलांडाव्या लागतात? लेकुरवाळीला बसायला जागा आहे का? वारा कुठून येतो? गटाच्या वहीत हे लिहून ठेवा. ग्रामसभेच्या दिवशी सगळ्या जणी वेळेच्या आधी जा आणि सतरंजी पुढे अंथरा. पुढे कधी सभागृहाच्या दुरुस्तीचा किंवा नव्या बांधकामाचा ठराव आला, तर ती वही घेऊन उभ्या राहा.

चर्चची वेदी भिंतीपासून सुटायला परिषद बसवावी लागली. आपली सतरंजी पुढे सरकवायला एवढं काही लागणार नाही. पाच-दहा जणींनी मिळून उचलली की झालं.

आणि हो, सिद्धिविनायकाला गेलात तर चालत जाऊन ते चर्च नक्की बघा. आत प्रार्थना चालू असेल तर चौकात जरा थांबा. मग वर बघा. उंच छपराच्या माथ्याकडे गरम हवा कशी निघून जाते, ते तुमच्याइतकं दुसरं कुणी ओळखणार नाही. चुलीपुढे बसलेल्या बाईला ते कुणी शिकवावं लागत नाही.

भेटू पुन्हा. नमस्कार.